आठवं प्यादं

तपासनीस बाई अकराला यायच्या होत्या, आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी सूनबाईच्या लक्षात आलं, की आठव्या प्याद्याच्या हातात तलवार आहे.

काल सकाळी ती नव्हती.

तिनं प्याद्याला लगेच हात लावला नाही. खिडकीचा पडदा सारला, टेबलावरचा दिवा जवळ ओढला, हातमोजे चढवले आणि मग ते दोन बोटांत अलगद उचलून भिंगाखाली धरलं. करंगळीएवढा हस्तिदंती शिपाई, अंगाला जुना तांबडा रंग, उजवा हात वर उगारलेला. त्या मुठीत हाडाची बारीक तलवार, पात्याला किंचित बाक, मुठीशी सुईच्या टोकाएवढी कडी. इतकं सुबक काम, की आधी तिला कौतुकच वाटलं. दुसऱ्या क्षणी तिनं घड्याळाकडे पाहिलं.

कुणी केलं हे विचारायला नकोच होतं. त्या कामाच्या खोलीत वावरणारी माणसं दोनच. एक ती, आणि दुसरे तिचे सासरे.

सासऱ्यांना सगळी गल्ली जोडबाबा म्हणायची. पन्नास वर्षं त्यांनी लोकांच्या मोडक्या वस्तू सांधून दिल्या होत्या. कपाचा कान, बाहुलीचा पाय, पंख्याची हस्तिदंती दांडी, कुणाच्या आजीच्या फणीचे दात. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. माणूस देवभोळा, हसतमुख, कुणी दोन शब्द बरे बोललं की संकोचून खाली बघणारा. पण एका बाबतीत ताठा होता. आपला सांधा कुणाला सापडता कामा नये. सांधा सापडला की काम फुकट गेलं, हे त्यांचं शास्त्र.

सूनबाईचं शास्त्र नेमकं उलटं. लग्नाआधी तिनं जुन्या वस्तूंच्या जतनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला होता, आणि तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की सांधा लपवायचा नाही. जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं सुरू झालं, ते पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे. यावरून सासऱ्या-सुनेत जेवताना रोज जुंपायची. शेवटी सासरे ताटावरून हात उचलत म्हणायचे, तुझं खरं असेल पोरी, पण गिऱ्हाईक म्हणायचं, जोडलंय की नुसतं डकवलंय? ती हसायची, तेही हसायचे, आणि दोघं आपापल्या शास्त्राला धरून पुन्हा कामाला बसायचे.

आतापर्यंत ते हसण्यावारी निघत होतं, कारण कामं वेगळी होती. गल्लीतली कामं त्यांची आणि संग्रहालयाचं काम तिचं.

संग्रहालयाचं म्हणजे हाच बुद्धिबळाचा संच. कंपनी सरकारच्या काळात कुण्या अनाम कारागिराच्या हातून उतरलेला. एकीकडे राजाची तांबडी फौज, दुसरीकडे कंपनीची पांढरी, आणि बत्तीसही मोहरे म्हणजे बत्तीस मूर्ती. राजा आणि वजीर हत्तीवरच्या अंबारीत बसलेले, मागं छत्र धरणारा माणूस, उंटावर निशाणवाले, घोड्यांच्या नाकपुड्यासुद्धा फुगलेल्या. कोरणाऱ्यानं साहेब लोक बहुधा लांबूनच पाहिले असावेत, कारण कंपनीच्या एकूण एक शिपायाला त्यानं एकच नाक दिलं होतं, आणि तेही पोपटाचं. जोडबाबा त्या नाकांवर भलतेच खूश होते. सकाळी दिवा लावला की पांढऱ्या रांगेसमोर वाकून विचारायचे, काय साहेब, आज पडसं कसं आहे?

वाकून बघायचे, पण हात लावायचा नाही. तसं लिहून दिलेलं होतं. बत्तीसातले अकरा मोहरे मोडके होते. ते साफ करायचे, पाकिटातून आलेले तुकडे जिथले तिथं सांधायचे. मुळात जे आहे त्यातलं काही कापायचं नाही, तासायचं नाही, खरवडायचं नाही. नवीन भाग बसवायचा तर आधी परवानगी. आणि मोहऱ्यांना हात लावणारं माणूस एकच, ज्याची कागदावर सही आहे ते. सही सूनबाईची होती.

हे काम पार पडलं, की तिचं नाव संग्रहालयाच्या कारागिरांच्या यादीवर चढणार होतं. त्या यादीवर सगळं अडलं होतं. कपाचे कान आता कुणी जोडून घेत नाही, लोक नवा कप आणतात. नवरा दुसऱ्या गावी कंपनीत होता, आणि वर्ष संपायच्या आत दोन्ही घरं एक करायची असं त्यानं प्रेमानंच पण ठामपणे सांगितलं होतं. यादीवर नाव आलं तर तो बदली मागून इकडे येणार. नाही आलं, तर दुकानाला कुलूप, सासरे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आणि तिची हत्यारं पलंगाखालच्या पेटीत. तिनं हे ताडून पाहिलं होतं, रात्ररात्र. हत्यारं एकदा पलंगाखाली गेली की बाहेर येत नाहीत.

तर काल दुपारी झालं होतं एवढंच, की तिची दाढ ठणकू लागली. बाई येतील त्या दिवशी तोंड सुजलेलं नको म्हणून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. दीड तासानं परतली ती अर्धा गाल बधिर, बोलायला गेली तर ओठ तिसरीकडेच. मोहऱ्यांवर पांढरं फडकं झाकलेलं होतं. तिनं ते उचलून पाहिलं नाही, तशीच जाऊन आडवी झाली.

"बाबा," तिनं आता हाक मारली, "जरा आत या."

जोडबाबा मागच्या खोलीतून हात पुसत आले. चेहरा असा, की नात परीक्षेचा निकाल घेऊन यावी आणि आजोबांना तो आधीच ठाऊक असावा. सुनेच्या हातात प्यादं पाहून त्यांनी डोळे मिचकावले.

"ओळख बघू, सांधा कुठं आहे?"

तिला सांधा सापडला नव्हता. तिथंच तर सगळं अडलं होतं.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. तू गेलीस आणि मला चैन पडेना. उद्या परीक्षा तुझी, आणि सात भाऊ तलवारी उपसून उभे, आठवा बिचारा मोडकी काडी धरून. आपल्या घरच्या कार्यात एक पोरगं फाटक्या सदऱ्यात उभं राहिल्यासारखं. मोडका खुंट कापून भोक पाडलं, हाडाचं पातं बसवलं. कमरेशी पूर्वी कुण्या अडाण्यानं लाखेचा गोळा थापून ठेवला होता, तोही डाव्या मुठीतल्या कुसळासकट तासून काढला आणि जागा रंगवून घेतली. एक डोळा ऑपरेशनचा, दुसरा त्या वाटेवर, तरी हात बघ, हलला नाही. हे शेवटचं त्यांनी जरा हळू सांगितलं, कारण सुनेचा चेहरा त्यांना आता दिसू लागला होता.

तिनं अटींची आठवण दिली. ते म्हणाले, मुळातलं मी काही कापलंच नाही. तुटक्या तलवारीचा खुंट काढल्याखेरीज नवी बसते का? आणि लाख काय देवानं लावली होती?

त्यात तथ्य असेलही, असं तिला क्षणभर वाटलं. अट मोडली होती हे खरं, पण तलवारीच्या जागी तलवार आली असेल, तर बाईंना सांगता येईल, चूक कबूल करता येईल. अहवाल नीट लिहायचा म्हणून तिनं त्या प्याद्याचे फोटो उघडले. साफसफाईनंतर तिनं स्वतःच जवळून घेतलेले, चारही बाजूंनी.

पहिल्या फोटोत उजव्या मुठीतला खुंट होता. तो चपटा नव्हता, गोल होता. दुसऱ्या फोटोत डावी मूठ, कमरेच्या गोळ्याजवळ. तिच्यातूनही तसाच गोल खुंट बाहेर आलेला. बाकीच्या सात जणांची डावी मूठ रिकामी होती. आणि तिसऱ्या फोटोत, नीट पाहिलं तरच कळेल अशी, मानेमागून दोन्ही खांद्यांवरून कमरेच्या गोळ्याकडे उतरणारी एक दोरी.

हातात दोन काड्या, गळ्यात दोरी, कमरेशी गोल काहीतरी.

तिनं वळून पांढऱ्या फौजेकडे पाहिलं. तिकडच्या आठांत तिसरा शिपाई ढोलवाला होता. पोपटाचं नाक, गळ्यात पट्टा, कमरेशी ढोल, दोन टिपऱ्या. तो तिनं पहिल्याच आठवड्यात टिपला होता. वहीत पेन्सिलनं लिहिलं होतं: पांढऱ्यांत एक वाजवणारा; तांबड्यांत? ते प्रश्नचिन्ह बाईंना दाखवायचं, हे ती विसरली नव्हती. फक्त सासऱ्यांना दाखवायचं तिला सुचलं नव्हतं. त्यांना हात लावायचा नाही, मग सांगायचं कशाला?

आणि सासऱ्यांनी पांढरी रांग पाहूनही पाहिली नव्हती, याला कारण होतं. त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवलं होतं, त्यांनी पुढं चार जणांना शिकवलं: मोडका मोहरा बसवायचा तर माप त्याच्या भावंडांवरून घ्यायचं, समोरच्या फौजेवरून कधीच नाही. तिकडच्या टोप्या वेगळ्या, हत्यारं वेगळी, उभं राहण्याची ढब वेगळी. तिकडं बघून काम करशील तर राजाच्या शिपायाला साहेबाची बंदूक लावून बसशील. पन्नास वर्षांत या शिकवणुकीनं त्यांना एकदाही दगा दिला नव्हता. भावंडं सात, सातही तलवारवाले. आठवा वेगळा असेल, आणि त्याचा जोडीदार शत्रूच्या रांगेत उभा असेल, हे त्यांच्या शास्त्रात बसतच नव्हतं.

"कालचा केर कुठंय?" तिनं विचारलं.

माल दाराबाहेर जाईपर्यंत केर काढायचा नाही, हाही त्यांचाच जुना नेम. एका डब्याच्या उलट्या झाकणात त्यांनी तो जमवून ठेवला होता; फळीवरून ते झाकण काढून दिलं. त्यात चौदा कपच्या होत्या, नखाच्या कोरीएवढ्या, आणि चिमूटभर चुरा. बहुतेक कपच्या एका अंगानं काळपट तांबड्या, दुसऱ्या अंगानं पांढऱ्या. लाख आरपार एकाच रंगाची असते. तरी तिनं खात्री करून घ्यायचं ठरवलं. कपचीला धक्का न लावता चुऱ्यातला एक कण काचेवर घेतला आणि सुई तापवून त्याला टेकवली. लाख असती तर पाघळली असती. कण पाघळला नाही. वास आला. काल खुर्चीत आ वासून पडली असताना, डॉक्टरांचं यंत्र दाढेवर फिरत असताना आला होता, तोच वास.

जोडबाबांनाही तो आला. हस्तिदंताचा वास त्यांना कुणी सांगायला नको. त्यांनी फोटो मागितला, दिव्याखाली धरला, चष्मा वर करून, खाली करून पाहिला. मग पांढऱ्या ढोलवाल्याकडे पाहिलं. आज त्याला पडशाचं विचारलं नाही. स्टूल ओढून खाली बसले.

"ताशा होता," ते म्हणाले. "वर लाख थापलेली होती, पण आत ताशा होता. मी त्याच्या गळ्यातला ताशा तासून टाकला."

शेजारच्या दुकानात कुणीतरी शटर वर केलं, त्याचा आवाज आला. सव्वादहा झाले होते.

मग ते उठले आणि म्हणाले, बाई आल्या की मी सांगतो. माझ्या हातून झालं, माझं पाप, तुझा संबंध नाही.

"तुम्ही हात लावला असं सांगितलं, की माझी सही खोटी ठरते, बाबा."

हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग काय करायचं?"

"काही नाही. तुम्ही पडद्यापलीकडे बसा. बाई जाईपर्यंत बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. मला शब्द द्या."

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं देवळात चप्पल घालून आलेल्या आपल्याच माणसाकडे बघावं. राग नव्हता, नुसता अचंबा. रोज जेवताना हीच पोरगी त्यांना सांगायची, की लपवायचं नाही म्हणून. पण त्यांनी काही आठवण करून दिली नाही. शब्द दिला आणि पडद्यामागं जाऊन बसले.

तिनं झाकण टेबलाच्या खणात ठेवलं आणि खण लावून घेतला. आठवं प्यादं इतर सातांच्या रांगेत उभं केलं. खरं सांगायचं तर तिथं ते शोभत होतं. कुणालाही वाटलं असतं, की आठांनी मिळून एकाच हुकमाला तलवारी उपसल्या आहेत.

बाई वीस मिनिटं आधीच आल्या.

तपासनीस बाई म्हणजे किडकिडीत, पन्नाशीच्या, केसांची घट्ट गाठ, खांद्याला कापडी पिशवी. काम पाहताना त्या बोलत नसत, फक्त 'हं' म्हणत. आणि त्या हंचे प्रकार सूनबाईनं मागच्या दोन खेपांत पाठ केले होते. आखूड हं म्हणजे ठीक. लांब हं म्हणजे पुन्हा दाखवा. आणि जो नाकातून निघे, तो ऐकलेले दोन कारागीर संग्रहालयाच्या दारात पुन्हा दिसले नव्हते, असं म्हणत.

त्यांनी पाणीही नाकारलं. भिंग काढलं, वहीची कोरी पानं उलगडली आणि पांढऱ्या राजापासून सुरुवात केली. सूनबाई समोर उभी. राजा, आखूड हं. वजीर, आखूड. उंटाच्या पायाचा सांधा बाईंनी दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिला, नखानं चाचपला, आणि म्हणाल्या की हे बरोबर. डोळ्याला खुपत नाही, पण शोधणाऱ्याला सापडतं. पांढरी प्यादी. ढोलवाला हातात आला तेव्हा सूनबाईची नजर लावलेल्या खणाकडे गेली. बाईंनी त्याला उलटा केला, सुलटा केला, वहीत काही लिहिलं आणि ठेवून दिला.

पडद्यामागं काहीसुद्धा वाजत नव्हतं. माणूस बसलेला आहे की नाही, अशी शंका यावी इतकी शांतता.

तांबड्या फौजेला अर्धा तास लागला. मग प्यादी. एक, दोन, तीन. बाई प्रत्येकाला पाहून आपल्याकडे तोंड करून ठेवत होत्या. आठवं हातात घेतलं, आणि हं लांबला.

"ही तलवार नवी?"

"हो."

"परवानगीचं पत्र?"

"राहिलं." तिचा आवाज नीट आला.

बाईंनी प्यादं सातांच्या शेजारी धरून पाहिलं. पात्याची लांबी, बाक, मुठीची कडी. मग म्हणाल्या, की पत्र पाठवायला हवं होतं, पुढच्या वेळी असं चालणार नाही. पण सात नमुने समोर असताना आठव्याबद्दल वाद तरी काय घालायचा? सांधा मात्र जरुरीपेक्षा चांगला झालाय, मुठीखाली एक खूण करून ठेवा. आणि चष्म्यावरून पाहत त्या हसल्या. बाई हसतात हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

संपलं होतं. एवढ्यावर निभावलं होतं. तिनं खुर्चीची पाठ धरली. बाईंनी शेवटच्या पानावर सही केली, आणि त्यांची सवय अशी, की वहीत लिहिताना ओठांतल्या ओठांत वाचत लिहायच्या.

"तांबडी प्यादी, नग आठ," त्या पुटपुटल्या, "सर्व तलवारधारी."

पूर्णविराम दिला. पेनाला टोपण लावलं.

सूनबाई त्या ओळीकडे पाहत राहिली. कुण्या कारागिरानं सात मारणाऱ्यांच्या रांगेत एक वाजवणारा उभा केला होता. समोरच्या फौजेतही एक केला होता. दोघांना एकमेकांसमोर पटावर ठेवून तो मनाशी काय म्हणाला असेल, देव जाणे. दोनशे वर्षं कुणी लाख थापली, कुणी काड्या मोडल्या, तरी तो ताशेवाला होता. बाईंच्या त्या एका ओळीनंतर तो कधी नव्हताच, असं होणार होतं. उद्या कुणी शोधायला आलं, तर वही उघडून बघेल आणि परत जाईल.

"बाई," ती म्हणाली, "ही ओळ खोडावी लागेल."

तिनं खण उघडला, झाकण काढून टेबलावर ठेवलं, शेजारी तिन्ही फोटो मांडले. सांगायला फार वेळ लागला नाही. काडी, काडी, दोरी, ताशा. पांढऱ्यांतला जोडीदार. वहीतलं प्रश्नचिन्ह. तापलेली सुई. फक्त एक गोष्ट ती सोडून गेली. हे सगळं जणू आपोआप घडलं, असं बोलली.

बाईंनी कुठलाही हं म्हटला नाही. फोटो पाहिले, ढोलवाला पुन्हा उचलून पाहिला, कपच्या पाहिल्या. मग भिंग खाली ठेवलं.

"हे कुणी केलं?"

"जबाबदारी माझी आहे."

"ते मी विचारलं नाही. तुमचा सांधा मी आज दहा मोहऱ्यांवर पाहिलाय. तुम्ही तो उघडा ठेवता. हा हात तुमचा नाही."

सूनबाईनं पडद्याकडे पाहिलं. तिथला माणूस गप्प राहिला, कारण त्यानं शब्द दिला होता. आणि तो शब्द किती जड झाला होता, हे पडद्याच्या खालून दिसणाऱ्या दोन पावलांवरून कळत होतं. बोटं जमिनीत रुतवल्यासारखी वळली होती.

"या बाबा," ती म्हणाली. "मला दिलेल्या शब्दातून तुम्ही मोकळे. बोला."

जोडबाबा बाहेर आले. बाईंना हात जोडले, बसले नाहीत. कुठलं हत्यार घेतलं, कुठून सुरुवात केली, खुंट किती खोल कापला, सगळं सांगितलं. डोळ्याचं कारण पुढं केलं नाही. भावंडांवरून माप घ्यायची रीत सांगितली, ती आपली सबब म्हणून नाही, तर चूक कुठून आली ते कळावं म्हणून. शेवटी म्हणाले, की माझी सून दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. तिला विचारलं असतं तर तिनं माझा हात धरला असता, म्हणूनच विचारलं नाही.

बाईंनी वही ओढली. आधी ती ओळ खोडली. मग शेवटच्या पानावरची आपली सही खोडली, आडव्या दोन रेघा मारून, शेजारी तारीख घातली. खोडण्याचा तो खर्र आवाज खोलीभर ऐकू आला.

"यादीवर नाव जाणार नाही," त्या सूनबाईला म्हणाल्या. "एकाच माणसाचा हात, ही अट उगीच घातलेली नसते. ते माझ्या एकटीच्या हातात असतं, तरी मी नाव घातलं नसतं. तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येतो."

"हो," ती म्हणाली. तीन वर्षांनी ती कुठं असेल, हे तिला ठाऊक होतं. जोडबाबांनाही ठाऊक होतं. त्यांनी मान फिरवली.

बाई मोहरे एकेक करून पेटीतल्या कापसात ठेवू लागल्या. एकतीस ठेवले. आठवं प्यादं टेबलावर राहिलं. पिशवी खांद्याला अडकवून त्या निघणार, तोच त्यांनी झाकणातली एक कपची चिमट्यानं उचलली, दिव्याकडे धरली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की ही कुठली, हे आता कोण सांगणार?

"डाव्या कडेची," जोडबाबा म्हणाले. "वरच्या काठाला पटाशी अडकली होती, म्हणून कोपरा असा तुटलाय. तिच्या खालची ती लांबट. त्या दोघी लागून होत्या."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं, आणि अटी सांगितल्या. तलवार काढायची, ती वेगळ्या पाकिटात जाईल. कपच्यांना क्रमांक द्यायचे. सांधायचं काम सूनबाई करतील, पुढं कधीही काढता येईल अशा सरसानं, आणि सांधे दिसले पाहिजेत. काकांनी हात लावायचा नाही, फक्त सांगायचं. मी समोर बसून लिहीन. आज जेवढं होईल तेवढं, उरलेलं उद्या.

जोडबाबांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि टेबलाशी वाकले.

पहिल्या चार कपच्या भराभर झाल्या. पाचवीला वेळ लागला. ते सांगायचे, ती चिमट्यानं कपची जागेवर धरायची, ते मान हलवायचे, जरा खाली, जरा फिरव, हं आता. मग ती सरसाचा थेंब लावायची आणि बाई क्रमांक लिहायच्या. दुपार टळली. कुणी चहा केला नाही, कुणी मागितला नाही. ताशाचा काठ उमटायला लागला, बारीक चिरांनी भरलेला, आणि एकदा सूनबाईला वाटलं, की आता तो ओळखू येतो. तसं ती म्हणाली नाही.

तेरा कपच्या जागी लागल्या. चौदावी सगळ्यांत लहान होती, दोन्ही अंगांना रंग असलेली. जोडबाबांनी ती भिंगातून पाहिली. डोळा बदलून पाहिली. समोर, पेटीतल्या कापसात, पांढरा ढोलवाला आडवा निजला होता. त्याच्याकडे एकदा पाहिलं असतं, तर टिपरीच्या टोकाशी अशीच एक उंचवट्याची कड आहे, हे कुणालाही दिसलं असतं. त्यांनी मान तिकडं वळवली, थांबवली, आणि परत आणली.

"बाबा, टिपरीचं टोक असेल का?" सूनबाईनं हळूच विचारलं.

"असेल," ते म्हणाले. "नसेलही. मला आठवत नाही, पोरी." मग बाईंकडे वळले. "लिहा, ठाऊक नाही."

बाईंनी चौदावी कपची छोट्या पाकिटात घातली, वर क्रमांक टाकला, आणि काकांनी सांगितलं तसंच लिहिलं.